कोपऱ्यातली बाळंतीण

दिवाळीच्या तोंडावर तलासरीकडे आमचा कोळ्यांचा, म्हणजे जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा, सर्व्हे चालू होता, तेव्हाची गंमत. दिवसभर भाताच्या बांधांवर जाळी शोधून, नमुन्याचे कोळी बाटल्यांत भरून एका घरी पाणी प्यायला थांबलो, तर तिथली मावशी झाडूने जळमटं काढत होती.

आमच्या मॅडम घाईने म्हणाल्या, "मावशी, तो कोपरा सोडा. ती कोळ्याची मादी तोंडात अंडी धरून बसलीय."

मावशीने झाडू खाली घेतला. "बाळंतपण आहे होय? मग राहू दे."

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. सगळं घर नव्याने रंगवलेलं, तेवढा कोपरा मात्र जळमटांसकट तसाच. मॅडम एकदम खूश.

मावशी म्हणाली, "माहेरी बाळंतपण झालं, पोरं पण सुखरूप आहेत. आता तुम्ही सासरची माणसं न्यायलाच आलात ना?"

मॅडमनी नमुन्याच्या रिकाम्या बाटलीचं झाकण उघडलं.