बिनखताची ओळ

अरे, माह्या पीएचडीची वाटच लावली होती सिंधूमावशीनं. कळमन्याच्या पुढं सागाच्या सावलीत हळद लावली होती. मशरूम निघाल्यावर उरलेल्या कुटाराचं, म्हंजे भुशाचं, खत अर्ध्या ओळींले द्याचं, अर्ध्यांले नाही, अन् फरक मोजाचा. मोजाले गेलो, तर सगळीच हळद सारखी जोमात!

तिथं पाणी देणाऱ्या सिंधूमावशीले विचारलं, "बिनखताच्या ओळीत खत कोनं टाकलं?"

"मीनं. एका पंगतीत बसवून अर्ध्यांले वाढाचं नाही, हे कोणतं शिक्षण गा?"

मी डोकं धरून बसलो. तर म्हणते, "बिनखताची पाहाची असन, तर माह्या वावरात चाल. बाजूलेच हाय, बेणंबी तुह्यातलंच."

तिथली मोजली, वर्ष वाचलं.

यंदा मावशीनं तिथंबी खत टाकलं, अन् तिचं पाहून गावानंबी. मी बिनखताची ओळ शोधून राहिलो, तर अख्ख्या गावात सापडत नाही!