सुट्टीच्या दिवशी पाळणाघर

अगं, माझ्या सुट्टीच्याच दिवशी सासूबाई न कळवता उंब्रजहून सांगलीला आल्या. घराला कुलूप, माझी लेक चिऊ पाळणाघरात. मी आल्या आल्या दारातच म्हणाल्या, "बँकेला सुट्टी न्हवं? मग लेकरू पाळणाघरात कशाला? गावभर फिराय?"

नवरा फौजेत, गाडी दारात धूळ खात उभी. म्हणून दोन महिने प्रत्येक सुट्टीला मी गुपचूप ड्रायव्हिंग शिकत होते. त्याच सकाळी लायसनची ट्रायल पास झाले होते.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, बसा गाडीत. चिऊला घेऊ आणि तुम्हाला घरी सोडते."

हायवेभर त्या डोळे मिटून बसल्या. उंब्रजला उतरल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "सुनंनं आणलं, गाडीनं!"

मग हळूच मला म्हणाल्या, "फुडच्या सुट्टीला बी चिऊला पाळणाघरात ठेव. आपण दोघीच विट्याला जाऊ."