गोधडीवर आधीच भरलेली अक्षरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पास्टर लुंडीन, व्यासपीठावर बसलेल्या जिल्हा रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका श्रीमती ऑडन, सत्कारमूर्ती ब्रिटा, आणि घरून भरलेलं भांडं घेऊन आलेल्या माझ्या मंडळींनो,

मी शाळेपुढे शिकलेली नाही. महिला मंडळाचा हिशेब लिहिते, एवढंच. बोलणं लांबलं तर या दिव्यांचं बिल मलाच मांडावं लागेल, तेव्हा आवरतं घेते.

डॉक्टर गेले तेव्हापासून गावचा दवाखाना बंद आहे. नर्स असलेली आपली ब्रिटा पुढे शिकणार हे कळल्यावर आपण काय धरून चाललो? ती नर्स प्रॅक्टिशनर होणार. नर्सचीच ती वरची पायरी. आपल्या राज्यात पुढे तिला स्वतःच्या नावाने दवाखाना चालवता येतो. पण तिला कुणी विचारलं का? छे. आपण डकोटाची माणसं. सरळ प्रश्न विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आपण कॉफी ओतली, हवापाण्याचं बोललो आणि निरोपाच्या गोधडीवर 'आमची नर्स प्रॅक्टिशनर' अशी अक्षरंही भरली. सगळ्यांत घाई मला, कारण माझ्या नवऱ्याचं, आर्विडचं, हृदय दुबळं. दर तपासणीला शहर गाठावं लागतं.

गेल्या कापणीत धान्य वर चढवणाऱ्या यंत्रात त्यांचा हात गेला. शेजारच्या शेतातून ब्रिटा धावत आली, रक्त दाबून धरलं, शहरापर्यंत सोबत आली. तिथे सर्जननी शिरा जोडल्या. ऑपरेशनच्या टेबलापाशी त्यांच्यासमोर एक तरुणी उभी होती, फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या पद्धतीने शिकायचं, डॉक्टरांच्या जोडीने काम करायचं, असा तो पेशा. शेवटची शिवण तिची. पट्टी सुटली आणि मी बघतच राहिले. जन्मभर गोधड्या शिवल्या, पण जिवंत तळव्यावर इतका शांत टाका? आर्विडनी बोटं हळूहळू मिटली, उघडली. मंडळी, वेदीसमोर झुकते तशी माझी मान झुकली. शेजारी ब्रिटा उभी होती. तिचे डोळे त्या टाक्यांवरून हलेनात.

मागच्या महिन्यात तिला गोधडी दाखवली. "छान झालीय, मार्लिस मावशी," म्हणाली आणि कॉफी पीत राहिली. नुसती पीत राहिली.

तेव्हा आर्विड, जे गव्हाखेरीज बोलत नाहीत, म्हणाले, "पोरी, तुला हे व्हायचंय का?"

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

"नाही, काका. मला ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहायचंय. ती शिवण शिकायचीय. पण मग गावाचा दवाखाना? तुमचं हृदय?"

"दवाखान्याला बंद राहायची सवय झालीय. आणि हृदयाला मी गाडीतून नेतो. याच हाताने चालवतो ना?"

पोर रडली. मी कात्री आणली. अक्षरं उसवली, दोरा गुंडाळून ठेवलाय, टाकायचा कशाला? ती जागा कोरीच आहे. काय भरायचं ते ब्रिटा सांगेल.

आपण देवाकडे दवाखाना मागितला होता. त्याने आपल्याला एका मुलीचे डोळे दाखवले. यापुढे माझी बुद्धी चालत नाही. मी फक्त हात जोडते.

पास्टर, ऑडनबाई, स्वयंपाकघरातल्या सगळ्याजणी, तुमचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सोमवारी आर्विडची तपासणी आहे. गाडीत मागची जागा रिकामी असते, शहराला कुणाला यायचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा.