अजाबरावांनी चेंडू पाहायचं सोडलं

मंडळी, ऐका! निरूपण झालं, पेटीवाल्या काकांचं पाणी पिऊन झालं, आता आख्यानाला उभा राहतो. पण आधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढे. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे, त्याला नावं ठेवायचा हक्क कुणाला?

शत्रूला? छे! तो तर ठेवणारच, त्याला हक्क कशाला लागतो! मग आपल्या माणसाला? आपला माणूस म्हणतो, ‘माझंच आहे, मी नाही बोलणार तर कोण बोलणार?’ बरोबर! पण तो बोलतो ते प्रेमानं, की नुसतं सवयीनं? हां... त्या खांबाजवळच्या माऊली नवऱ्याकडे पाहून हसल्या. प्रश्न पोहोचला म्हणायचा!

आजच्या कथेत देव नाहीत, दानव नाहीत. आजचं आख्यान बास्केटबॉलचं! हसू नका हो! अहो, बूड नसलेल्या टोपलीत चेंडू टाकायचा, तो खाली पडणार हे पक्कं ठाऊक, तरी उचलून पुन्हा टाकायचा. याच्याइतका निष्काम कर्मयोग दुसरा दाखवा मला!

तर आपल्या नागपुरात एका मोहल्ल्यात सिमेंटचं एक जुनं मैदान. कडेला कडुलिंब, त्याखाली तीन पायऱ्या. रोज संध्याकाळी पाच वाजले, की त्या पायऱ्यांवर दरबार भरायचा. दरबाराचे राजे कोण? अजाबराव ढोमणे! एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त. उंची सव्वापाच फूट. जन्मात कधी सामना खेळले नाहीत, पण चाळीस वर्षांत एक सामना पाहायचा सोडला नाही. मुलीच्या साखरपुड्यातून उठून सामन्याला गेलेला माणूस! पोरीनं माफ केलं, बायकोनं, गिरिजाबाईंनी, अजून केलेलं नाही.

आणि या दरबारात विषय एकच — खेळ बुडाला!

“आता खेळ कुठं राहिला?” अजाबराव सुरू करायचे. “व्यावसायिक लीग आली, दिवे आले, ढोल आले, खेळ गेला! चेंडू हातात आला की दुरून फेक! गलोलीनं कैऱ्या पाडतात तसं! पास नाही, डोकं नाही. शंकर मेश्राम खेळायचा तेव्हा...”

शंकर मेश्राम! याच मैदानावर वाढलेला खेळाडू. अजाबरावांची फुटपट्टी तीच. कुणीही पुढे आला की मेश्रामशेजारी उभा करून मोजायचा, आणि तो दोन बोटं कमीच भरायचा.

“बाप्पा, खरं बोलले!” यादवराव कुंभलकर मांडीवर थाप मारायचे. हे दरबारातले मुख्य प्रधान. आवाज असा, की कडुलिंबावरचे कावळे उठून जायचे.

एकटी एक बाई विरोधात. लांजेवार मॅडम. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, स्वतः राज्याकडून खेळलेल्या. त्या खालच्या पायरीवर बसून शांतपणे म्हणायच्या, “अजाबराव, आजची पोरं चांगली खेळतात. तुम्ही पाहत नाही.”

“पाहत नाही? मी? एक सामना सोडला नाही मॅडम!”

“जाता. पाहत नाही.”

मंडळी, असं कुणी म्हटलं की काय होतं? कानात शिरतं, पण आत जात नाही! तसंच झालं.

मग एका शनिवारी आपल्या नागपूरच्या संघाचा सामना. इनडोअर स्टेडियम भरलेलं. आणि आपला संघ हरला, चांगला सोळा गुणांनी! दरबार फाटकाशी जमला, खेळाडू बसकडे निघाले. पुढे कप्तान, स्वप्नील उईके. सव्वीस वर्षांचा, धानोऱ्याकडचा पोरगा, घामानं निथळलेला, मान खाली. अजाबरावांना राहवेना. ओरडले, “डोकं वर करून खेळत जा रे! तुला खेळ दिसतच नाही!”

आता कुणी काय केलं असतं? बसमध्ये चढला असता. उलट बोलला असता. उईके थांबला. वळला. चालत आला, अगदी समोर. अजाबराव त्याच्या छातीशी!

म्हणाला, “काका, काय दिसलं नाही मला? सांगा ना.”

“सगळंच!”

“सगळंच म्हणजे? एक सांगा.”

आणि मंडळी... अजाबरावांच्या तोंडातून शब्द फुटेना! चाळीस वर्षं बोलणारा माणूस! मेश्राम आठवला, कैऱ्या आठवल्या. पण आत्ता झालेल्या सामन्यातली, या पोराची, एक चूक? एक? काही आठवेना. सगळे बघत होते. यादवरावांनी कोपरानं ढोसलं, “सांग ना बे!” काय सांगतो!

पोरगा हसला नाही हं. टोमणाही मारला नाही. म्हणाला, “उद्या पुन्हा सामना आहे काका. पाहून सांगा. खरंच सांगा.” आणि गेला.

हे ‘खरंच सांगा’ लागलं बघा! शिवी लागत नाही एवढं लागलं. घरी जेवायला बसले, नुसता भात चिवडत राहिले. गिरिजाबाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्या काय म्हणाल्या असतील? पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “मलाही तेच करता तुम्ही. बत्तीस वर्षं म्हणून राहिले, भाजीत काहीतरी कमी आहे. काय कमी, ते एकदा तरी सांगितलं?”

आता तुम्ही कुणीही कुणाकडे पाहू नका! सरळ माझ्याकडे पाहा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच अजाबराव लांजेवार मॅडमच्या दारात. म्हणाले, “मॅडम, मला पाहायला शिकवा.”

मंडळी, सहासष्टाव्या वर्षी हे वाक्य! चाळीस वर्षांचा जाणकार, आणि जिच्याशी रोज भांडण, तिच्या दारात जाऊन म्हणतो — मला येत नाही, शिकवा. मी तर म्हणतो, आख्यान इथं संपवलं तरी चालेल! पण नाही संपवत. बसा.

मॅडमनी ‘कसे आलात!’ म्हटलं नाही. चहा दिला. संध्याकाळी त्यांना घेऊन स्टेडियमच्या पार वरच्या रांगेत जाऊन बसल्या. तिथून सगळं मैदान ताटासारखं दिसतं. म्हणाल्या, “आज एक करायचं. चेंडू पाहायचा नाही.”

“चेंडू पाहायचा नाही? मग पाहायचं काय?”

“ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला.”

सोपं वाटलं का? करून पाहा! डोळा चेंडूमागे पळतो, गुळामागे माशी जावी तसा. पहिली पाच मिनिटं अजाबराव नुसते धडपडले. मॅडम दर वेळी म्हणायच्या, “चेंडूकडे गेले! परत या!” मग हळूहळू डोळा बसला. आणि काय दिसायला लागलं!

तो संघातला सगळ्यात उंच सरदार पोरगा. अजाबराव त्याला ‘खांब’ म्हणायचे, नुसता उभा राहतो म्हणून. तो उभा राहत नव्हता! धावत येऊन समोरच्याच्या वाटेत छाती रोवून उभा ठाकायचा, धक्का स्वतः खायचा, त्यामुळे आपला दुसरा गडी सुटायचा. गुण त्या दुसऱ्याचा, टाळी त्या दुसऱ्याला. याला? बरगडीवर कोपर! आणि पुन्हा पळत जाऊन पुढचा धक्का खायला तयार!

आणि ते दुरून फेकणं! अजाबराव कैऱ्या म्हणायचे ना? आता वरून दिसलं. दुरून नेम धरणारे दोघं बाहेर उभे, म्हणून त्यांना राखणारे दोघं बाहेर ओढले गेले, म्हणून टोपलीखालचं अंगण मोकळं! मेश्रामच्या वेळी? तेव्हा दहाच्या दहा टोपलीखाली, बुधवारच्या बाजारासारखे! तेव्हा जे बळानं करावं लागायचं, ते ही पोरं जागा तयार करून करत होती.

अजाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना म्हणाले, “अहो, हे केव्हापासून चाललंय?”

“दहा-पंधरा वर्षं झाली.”

दहा-पंधरा वर्षं! मंडळी, समोर पंगत मांडलेली, आणि हा माणूस उपाशी! कुणी उपाशी ठेवला? ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी!

पण थांबा. फिटरचा डोळा हो! यंत्र चांगलं चालत असलं तरी कुठं खडखड होते ते ऐकणारच. उत्तरार्धात त्यांना एक गोष्ट दिसली. उईके उजवीकडून मुसंडी मारायचा. त्याला अडवायला डाव्या कोपऱ्यातला राखणदार धावून यायचा. म्हणजे डाव्या कोपऱ्यात आपला जोएल, दुरून नेम धरणाऱ्या दोघांतला एक, एकदम मोकळा! जोएल दोन्ही हात वर करायचा. उईके बघायचाच नाही! एकदा झालं. दोनदा झालं. अजाबराव बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. अकरा वेळा! आणि बाराव्या वेळी... बाराव्या वेळी जोएलनं हात वरच केले नाहीत.

ऐकलंत ना? नीट ऐका. हातच वर केले नाहीत.

सामना आपण जिंकलो. फाटकाशी गर्दी, जल्लोष. उईकेनं लांबूनच ओळखलं, आला. “काका! दिसलं काय?”

दरबार भोवती उभा. यादवराव कान टवकारून. अजाबराव म्हणाले, “दोन गोष्टी दिसल्या. एक माझी चूक, एक तुझी. माझी आधी सांगतो.” “मी चाळीस वर्षं नुसता चेंडू पाहिला. खेळ बुडाला म्हणून ओरडत राहिलो. खेळ बुडाला नाही पोरा, मीच पाहायचं सोडलं होतं. तुम्ही फार सुंदर खेळता.”

यादवराव तोंड वासून उभे!

“आता तुझी. उजवीकडून शिरतोस तेव्हा डावा कोपरा मोकळा असतो. जोएलनं आज अकरा वेळा हात वर केले. बाराव्यांदा केले नाहीत.”

उईकेच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मागे वळून बसच्या दारातल्या जोएलला हाक मारली. “खरं आहे काय रे?”

जोएल बुटाकडे पाहत म्हणाला, “हो.”

“मग बोलला काऊन नाही?”

“कप्तान तू आहे. मी काय बोलू?”

उईके परत वळला. मग अजाबरावांचा हात हातात घेऊन म्हणाला, “हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, काका.” बस्स. एवढंच.

खेळाडूनं ऐकलं. दरबारानं? दुसऱ्या दिवशी अजाबराव पायऱ्यांवर गेले, तर त्यांच्या जागेवर यादवरावांची पिशवी! “जागा भरली,” यादवराव म्हणाले. “तुम्ही तं आता त्यांचे झाले. मेश्रामले विसरले.” चाळीस वर्षांचा दोस्त! अजाबराव पायरी उतरले. खालच्या पायरीवर, मॅडमच्या शेजारी जाऊन बसले. खरं बोलण्याची पहिली भेट बहुधा हीच मिळते, मंडळी. पायरी खाली!

पुढच्या सामन्यांत उईके डावीकडे पाहायला लागला. चेंडू कोपऱ्यात जायला लागला, जोएल तिथून नेम साधायला लागला. संघ जिंकत जिंकत उपांत्य फेरीत. स्टेडियममध्ये तीळ ठेवायला जागा नाही. सात सेकंद उरलेले, आपण एका गुणानं मागे. चेंडू उईकेकडे. सगळ्या स्टेडियमचे डोळे त्याच्यावर! उजवीकडून शिरला. समोर एक आला, चुकवला. डावीकडून दुसरा धावून आला. उईके हवेत, टोपली अगदी हाताशी. स्वतः टाकला असता तर? पडलाही असता! पण त्यानं डावीकडे पाहिलं. जोएलचे हात वर. दिला! जोएलनं घेतला, मारला. चेंडू कड्यावर आपटला, एक फेरी फिरला, दुसरी फिरला...

आणि बाहेर पडला.

हरलो! एका गुणानं! तुम्हाला वाटलं असेल, बुवा जिंकवणार. मीही जिंकवलं असतं हो, पण झालं तसं सांगतो!

स्टेडियम खवळलं. “स्वतः मारायचा ना! कप्तान कशाला झाला?” जोएल गुडघ्यावर बसलेला, तोंड झाकून. उईके त्याच्याकडे गेला, बगलेत हात घालून उठवला. माइकवाल्यानं गाठून विचारलं, “शेवटचा चेंडू दुसऱ्याला का दिला?” साऱ्या स्टेडियमला ऐकू गेलं उत्तर: “तो मोकळा होता. उद्या पुन्हा अशीच वेळ आली, तर पुन्हा त्यालाच देईन.”

वरच्या रांगेत एक सव्वापाच फुटांचा म्हातारा उभा राहिला, आणि टाळ्या वाजवायला लागला. एकटा! खाली शिव्या, वर एक टाळी. मग मॅडम उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं जिन्यावरून धापा टाकत कोण आलं? यादवराव! चेहरा लालबुंद. सगळ्यांना वाटलं, आता फुटणार. ते अजाबरावांशेजारी येऊन बसले. मग हळू आवाजात विचारलं. मंडळी, यादवराव हळू आवाजात! “अजाब, खरं सांग. मेश्रामनं दिला असता काय हा पास?”

अजाबरावांनी डोळे मिटले. ज्याच्या नावावर आयुष्य काढलं, त्याला आठवलं. सगळा आठवला.

“नाही,” म्हणाले. “मेश्रामनं स्वतः मारला असता. अन् बहुतेक घातला असता. पण दिला नसता.”

यादवराव उठले, आणि टाळ्या वाजवायला लागले. तो आवाज, ते हात! खालच्या लोकांनी वळून पाहिलं. एक रांग उठली, दुसरी उठली. हरलेल्या संघासाठी सगळं स्टेडियम उभं राहिलं, मंडळी!

आता मिळालं उत्तर? नावं ठेवायचा हक्क कुणाला? जो आधी नीट पाहतो, त्याला. ज्याला दोष बोट ठेवून दाखवता येतो, त्याला. आणि दाखवण्याआधी स्वतःचा सांगायची ज्याच्यात हिंमत आहे, त्याला! बाकीच्यांनी, माऊली, टाळ वाजवावेत.

आता ही गोष्ट तुमच्यावर आणतो, सुटका नाही! मला ठाऊक आहे, तुमच्यातले चारजण बाहेर चपला घालताना म्हणतात, ‘पूर्वीच्या बुवांसारखं कीर्तन आता राहिलं नाही.’ म्हणता ना? मान कशाला खाली घालता! म्हणा, हक्कानं म्हणा. पण चपलांपाशी नको. आरती झाल्यावर मी इथंच चौथऱ्यावर बसणार आहे. या, समोर बसा, आणि सांगा: बुवा, या ठिकाणी सूर उतरला, त्या ठिकाणी पाल्हाळ लावलं. त्या उईके पोराएवढं मोठं मन माझं आहे की नाही, ते मलाही पाहायचं आहे!

आणि कुणीच आलं नाही, तर मी समजेन, आज तुम्ही नीट ऐकलंच नाही. चला, टाळ उचला. रामकृष्ण हरी!