मेन बंद, तरी मशीन चालू

हॅलो?… हॅलो… कोण?… अगं, मोठ्यानं बोल जरा… थांब, थांब, कान बदलतो.

हं. बोल आता, चिमणे… हो, या कानानं येतं नीट. सवय आहे ना डाव्याची. जन्मभर उजव्या हातात पक्कड, मग फोन डाव्या कानालाच.

हो, आत्ताच आलो कानाच्या डॉक्टरांकडून. चपला अजून पायातच आहेत… कळलं एकदाचं. डाव्या कानाचं ऐकणं कमी झालंय… अगं, सगळं नाही गेलेलं. ऐक ना आधी. लगेच रडायला काय लागलीस?

खालच्या सुराचं गेलंय. म्हणजे चमचा पडला की ऐकू येतो, पण पुरुषमाणूस बोलला की नुसतं गुंगुं… हो ना! मला वाटायचं, तुझा नवराच तोंडातल्या तोंडात बोलतो. आई म्हणायची आठवतं? जावई लाखात एक, पण बोलतो उशीत तोंड खुपसून… हां, हसलीस. बरं झालं.

आणि चक्कर बीपीची नव्हती. मणक्याचीही नव्हती… हो, तो गळ्यातला पट्टा! काढून ठेवलाय. उगाच फिरलो तो घालून. खालचे मास्तर रोज विचारायचे, कुठं आपटलात म्हणून.

कानाच्या आतलं दुखणं आहे. मेनिअर की काय नाव आहे, मला नीट म्हणता येत नाही… अगं, कानात आत पाणी असतं म्हणे, सगळ्यांच्याच. त्यावर आपला तोल राहतो. माझ्यात ते वाढलंय, दाब पडतोय. म्हणून ऐकणंही बिघडतं आणि खोलीही फिरते.

नाही गं, डॉक्टरीणबाई आहेत. तरुण आहेत, पण विचारतात अगदी वायरमनसारखं. आधी चक्कर की आधी आवाज? मान हलवली की येते, की बसल्या जागीही? किती वेळ टिकते? त्या वेळी ऐकू कमी येतं का, नंतर सुधारतं का?… आपण नाही का विचारत, बल्ब आधी फडफडतो की एकदम जातो? तसंच. बाकीच्यांनी नुसता दंडाला पट्टा बांधला आणि गोळ्या दिल्या.

मी सांगितलं सगळं. आधी कान दडपतो. मग आतला आवाज चढतो. मग भिंती फिरायला लागतात, उलटी होते, आणि नंतर पिळून काढल्यासारखी झोप… कुठला आवाज म्हणजे? असतो तो. या दुखण्यात असतोच म्हणे.

नाही… तुला नव्हतं सांगितलं.

अगं, विशेष काही नाही. तू जेवलीस का?… बरं, बरं. सांगतो.

तिथं एक काचेची खोली होती. आत बसवलं, कानांवर ते मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी आपला दाबत होतो. पलीकडची मुलगी माझ्याकडे बघते, मग मशीनकडे बघते, परत माझ्याकडे. शेवटी दार उघडून आत आली. म्हणाली, काका, मी अजून आवाज दिलाच नाही. तुम्ही बटण कशासाठी दाबताय?

चुकून दाबलं म्हटलं तिला.

कसला येत होता?… तुझ्या आईचं मशीन… हो. शिवणाचं.

हॅलो?… आहेस ना?

आई गेल्यावर तुम्ही सगळे आपापल्या घरी गेलात ना, त्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवून आडवा झालो होतो. मागच्या खोलीतून आवाज आला. घूंऽऽ. मोटर मीच बसवली होती तिच्या मशीनला, तिचे पाय भरून यायचे म्हणून. तो आवाज मी कुठंही ओळखीन… नाही, घाबरलो कशाला? म्हटलं, पायातलं पॅडल अडकलं असेल. जाऊन प्लग काढला. आवाज तसाच. टेस्टर लावला, करंट नाही. मोटरवर हात ठेवला, गार. पट्टा उतरवला. तरी आपलं चालूच.

मग मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळं घर चिडीचूप. आणि त्या शांततेत तर आणखीच स्पष्ट यायला लागला गं.

लोकांच्या घरांतले फॉल्ट शोधण्यात आयुष्य गेलं माझं. सप्लाय नाही आणि मोटर चालतेय, असं कधी पाहिलं नव्हतं. तिथंच बसलो तिच्या स्टुलावर. म्हटलं… म्हटलं, असेल.

काय असेल काय विचारतेस? तीच असेल.

वेडा नाही झालो. म्हणून तर नाही सांगितलं तुला. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी टॅक्सी घेऊन आली असतीस मला न्यायला… असतीसच. आईवर गेलीयेस.

तो शर्ट अजून मशीनवर आहे ना… हो, तोच, निळ्या रेघांचा. सुईसुद्धा कापडातच आहे. लोकांचे कपडे आधी, नवऱ्याचा शेवटी, हा तिचा कायदाच. मी हात नाही लावला. आवाज आला की नुसता बघून यायचो. पुढं सरकलाय का.

नाही. कसा सरकेल?

आणि परवा पडलो ना… हो, तुला सांगितलं स्टूल घसरलं म्हणून. स्टूल नव्हतं घसरलं. आवाज एकदम चढला. मला वाटलं, आज घाईत दिसतेय, संपवतेय वाटतं. म्हणून उठून गेलो. दारातच खोली फिरली. चौकट धरली, ती पण फिरली… अगं, लागलं नाही फारसं. कोपर सोललं. मशीनच्या कडेवर डोकं आपटलं असतं तर मात्र… हो. हो गं. कळतं मला.

शिडी तर डॉक्टरीणबाईंनी बंदच केली. म्हणाल्या, शिडीवर असताना चक्कर आली तर कान राहील बाजूला. म्हणजे कामातलं अर्धं गेलंच. खाली बसून पंखे-मिक्सर दुरुस्त करायचे आता… करीन. ते नाही मला जड.

मीठ कमी करायचं. डोक्याचा एक फोटो काढायचाय, दुसरं काही नाही ना ते बघायला. आणि गोळ्या… आणल्या. आणल्या म्हटलं ना.

नाही घेतली अजून.

ओरडू नकोस. चांगल्या कानाशी ओरडतेस, तो एवढाच राहिलाय… अगं ऐक तर. मी त्यांना विचारलं, गोळीनं आवाज जाईल का? म्हणाल्या, चक्कर तर बरीच आटोक्यात येईल, आवाजाची खात्री नाही देता येत, पण कमी होऊ शकतो. मी परत विचारलं, म्हणजे जाणार? तर बघतच राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, काका, लोक इथं येऊन आवाज घालवा म्हणतात. तुम्ही असं का विचारताय?

आता तूच सांग.

घरात दुसरं आहे काय तिचं ऐकण्यासारखं?… फोटो आहेत. फोटो बोलतात का?

काय?… परत म्हण… दोरा?

हो. तोडायची ना. शिवण संपली की थांबायची, दातानं दोरा तोडायची. मी ओरडायचो, कात्री आहे समोर. मग कापड फिरवायची, परत चालू. थांबत थांबतच चालायचं तिचं.

हा आवाज…

नाही. नाही थांबत. सुरू झाला की एकसारखा चालू असतो.

हो, चिमणे. आलं होतं लक्षात माझ्या. फार आधीच आलं होतं. वायरमन आहे मी. मशीन कुठलं आणि नुसती घरघर कुठली, एवढं मला कळणार नाही?

रडू नको गं… मी कुठं रडतोय? सर्दी आहे.

हो. हो, आणतो पाणी. धरून ठेव फोन… भिंतीला धरूनच चाललोय, हो… हं. पाकीट फोडलं. बारीकशी आहे गोळी… थांब…

घेतली.

हो, गिळली. तोंड उघडून दाखवू का फोनवर?… बरं.

आहे ना, चालूच आहे. एका गोळीनं कुठं बंद होतंय? बघू.

रविवारी ये… ये, दोघंही या. त्याला म्हणावं, उजव्या बाजूला बस माझ्या… आणि ऐक. तुला येतं का गं कॉलर लावायला?… नाही येत. मला वाटलंच. शिकायला बसलीच नाहीस कधी तिच्याजवळ… नको, बाहेर नको द्यायला. राहू दे.

हो, चपला काढतो. ठेव तू आता.

त्या शर्टाचे खांदे जोडलेत, दोन्ही बाह्या लागल्यात, खिसा लागलाय. कॉलर तेवढी राहिलीय.