एकाच मुलीचे तीन फॉर्म

नाही, पण मला एक सांगा, पोटच्या पोरीची माहिती लिहायला पेन्सिल कशाला देतात? खोडता यावं म्हणून? मी काय खोडणार? दहा वर्षांची झाली ती, मी आई आहे तिची, मला माहीत नसेल तर कोणाला असेल!... हसा, हसा. तुम्ही सगळे एकेकट्याने मुलं वाढवणारे, इथे गोल करून बसलायत, तुम्हाला या ताईंनी कधी ना कधी ती पेन्सिल दिलीच असेल. मी मात्र तुम्हाला सांगते, अजून सावरलेले नाही. ताई म्हणतात, दोन मिनिटांत ओळख करून द्या. अहो, दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारते मी, दोन मिनिटांत मी चार माणसं आत पाठवते, पण हे दोन मिनिटांत कसं मावायचं?

तर झालं काय, दोन वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो. मुलगी माझ्याकडे, फक्त शनिवारची रात्र बापाकडे. सुरळीत चाललं होतं, आणि अचानक याला मायेचा पाझर फुटला! म्हणतो, "मंगळवार, बुधवारही माझ्याकडे राहू दे. शाळा माझ्या घरापासून जवळ आहे." मी म्हटलं, अरे... हो, लग्नात मी 'अहो' म्हणायची, वेगळं झाल्यावर 'अरे'वर आले, तेवढाच काय तो फायदा... म्हटलं, अरे, माझ्याशिवाय तिला झोप तरी लागते का? तो म्हणतो लागते, मी म्हणते नाही, तो म्हणतो कोर्टात बघू, मी म्हणते बघू! तेवढ्यात कोणीतरी या केंद्राचं सुचवलं. ताई दोघांना समोरासमोर बसवतात, फुकट, आणि आवाज न चढवता.

आलो. खाली लिफ्ट बंद. आणि हा पडला लिफ्ट दुरुस्त करणारा! "तुम्ही व्हा पुढे," म्हणाला आणि पेटी उघडून तिथेच उकिडवा बसला. पोरीचा फैसला वर, आणि हा खाली वायरी चाचपतोय! पोरगी माझा हात धरून जिना चढली. मी ताईंना म्हटलं, बघितलंत? हा असा आहे. ताई काय म्हणाल्या माहितीये? (हळू, एकदम मऊ आवाजात.) "छान... येतील ते." यांना सगळंच छान!

मग दोघांना दोन खोल्यांत बसवलं आणि हातात दिला चार पानी फॉर्म. वर लिहिलेलं, 'माझं मूल'. झोपते कशी, जेवते कशी, कशाला घाबरते, स्वतःचं स्वतः काय करते. मी भराभरा लिहीत सुटले. अंधाराला घाबरते, दिवा लावून माझ्या कुशीत झोपते. शेवटचे चार घास भरवावे लागतात. वेणी मी घालते, बुटाची नाडी मी बांधते. जागा पुरेना, समासात लिहिलं! मनात म्हटलं, शेजारच्या खोलीत हा पेन्सिल चघळत बसला असणार. याला काय ठाऊक? मी आई आहे तिची!

ताईंनी दोन्ही फॉर्म घेतले आणि त्याचा आधी वाचायला लागल्या. वाचतात कशा, तर रेडिओवर हवामान सांगतात ना, तशा. "मुलगी एकटी झोपते. दिवा स्वतः बंद करते. अंडी उकडते. केस स्वतः विंचरते. शाळेचे बूट पॉलिश करते, माझेही करते. माझ्या घरी, सातव्या मजल्यावर, व्यायाम म्हणून जिन्याने चढते. कशालाच घाबरत नाही."

मी तर सर्दच झाले! म्हटलं, ताई, कागदांची गल्लत झाली, ही दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी आहे! तेवढ्यात त्यांनी माझा वाचला, आणि हा खुर्चीतून ताडकन उठला. "भरवतेस? दहा वर्षांच्या घोडीला भरवतेस? पाळणाही लाव ना!" मी म्हटलं, आणि तू पोरीकडून बूट पॉलिश करून घेतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "मी सांगत नाही, तीच करते!" मी म्हटलं, मी आई आहे तिची, मला तू शिकवू नकोस! "बाप कोण मग, शेजारी?" ... आणि ताई? "छान," म्हणाल्या. छान! आमचं इथे महाभारत चाललंय आणि यांचं छान! म्हणाल्या, "तुम्ही दोघांनीही खरं लिहिलंय. आता तिसरा फॉर्म वाचू या."

तिसरा? तिसरा कोणाचा? तर हिचा! आम्ही लिहीत होतो तेव्हा हिलाही बाहेरच्या खोलीत पेन्सिल दिली होती. वर लिहिलेलं, 'माझे पालक'. ताईंनी तिला आत बोलावलं, विचारलं, "वाचू का गं मोठ्याने?" ही म्हणते, "वाचा. पण आधी आईला पाणी द्या."

वाचलं. 'आईला एकटीला झोप येत नाही. ती तसं सांगत नाही, म्हणून मी सांगते की मला अंधाराची भीती वाटते. मी भरवून घेतलं तर ती माझ्याबरोबर जेवते, नाहीतर नुसता चहा पिते. वेणी घालताना ती रडत नाही.'

(पाण्याचा घोट घेते.)

'मला नाडी बांधता येते', हेही लिहिलं होतं. कंसात. 'आईला सांगू नका.'

मी त्याच्याकडे बघितलं. हा गालातल्या गालात हसतोय! म्हटलं, थांब बाबा, पान उलटू दे. ताईंनी उलटलं. 'बाबा एकटा असला की जेवण करत नाही, म्हणून मी अंडी उकडते. तो सगळ्यांना सांगतो माझी मुलगी कशालाच घाबरत नाही. मला लिफ्टची खूप भीती वाटते. पण बाबाचं कामच लिफ्टचं आहे, त्याला वाईट वाटेल.'

अहो, त्याचा चेहरा! दोन वर्षं पोरगी सात मजले चढतेय, आणि हा खाली लोकांना सांगतोय, व्यायामाची फार आवड! दोघं बसलो एकमेकांकडे बघत. लग्नात एवढी शांतता कधी नव्हती. शेवटी मीच म्हटलं, मी आई... आणि पुढचं वाक्यच येईना.

शेवटच्या पानावर प्रश्न होता, 'तुला काय हवं आहे?' तिथे तिने तीनदा खोडलं होतं. कागद विरला होता हो तिथे. त्याखाली लिहिलं होतं, 'मंगळवार-बुधवारी मी बाबाकडे राहीन. पण आईकडे तेव्हा कोणीतरी पाहिजे.'

सही केली मी. तिच्याच पेन्सिलीने करत होते, ताईंनी पेन दिलं. त्यानेही केली, आणि त्या शनिवारपासून तो तिच्याबरोबर सात मजले जिन्याने चढतो. पोट केवढं, धापा केवढ्या! बरं झालं. चढू दे.

आज मंगळवार. पहिला. दोघं बापलेक मला इथे तुमच्यात सोडायला आले. मी तिला नव्हे हो, ती मला! दारात माझ्या पर्सचा पट्टा सरळ केला, ताईंना बाजूला घेऊन म्हणाली, "नवीन माणसांत बुजते ती. पण एकदा बोलायला लागली की मध्ये पाणी द्या." मग मला, "आई, फोन करायचा नाही. लागलं तर मी करीन." आणि गेली! मी दारात उभी, म्हटलं आता वळेल, मग वळेल... बापाचा हात धरून जिना उतरून गेलीसुद्धा!

माझा चेहरा बघून ताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी असंच होतं, मग सवय होते." मी म्हटलं, हो ना, रुळेल हळूहळू पोरगी. तर म्हणतात, "तिचं नाही म्हणत मी. या, आत येऊन बसा."

बसले. करते काय! आठ वाजेपर्यंत मला बाहेर सोडायचं नाही, असं बजावून गेलीय म्हणे.