पायरीवरचा दुसरा जोड

हसू नका हं, पण इथे परदेशात, बेंडिगो शहराच्या कॅथेड्रलमध्ये मी बूट बाहेर काढून गेले होते. वीकेंडला क्लेटनमधल्या माझ्या रूमवर भिंतींशी बोलायचा कंटाळा आला, म्हणून एकटीच ट्रेनने गेले. एवढं मोठं दार दिसल्यावर पाय आपोआप बुटांतून बाहेर आले. देवळाची सवय, दुसरं काय! आत सगळे बूट घालून, आणि मी गार फरशीवर मोज्यांत.

बाहेर येऊन बघते, तर माझ्या बुटांशेजारी आणखी एक जोड, नीट लावून ठेवलेला. म्हटलं, आलं कुणीतरी आपलं! पुण्याचं असेल, निदान नागपूरचं तरी. बूट घातले, लेस बांधल्या आणि पायरीवर वाट बघत बसले. काय काय बोलायचं तेही ठरवून टाकलं.

शेवटी एक गोरे आजोबा मोज्यांत बाहेर आले.

“तुम्ही का काढले?” मी विचारलं.

“तुझे दिसले, मेट. वाटलं, आज तसा नियम असेल.”

दोघंही खूप हसलो. शेजारी बसून बूट चढवताना त्यांनी विचारलं, “तूही एकटीच?”

मी ‘हो’ म्हटलं, आणि बांधून झालेल्या लेस सोडून पुन्हा बांधायला घेतल्या.